खासगी कॉलेजला सरकारी कॉन्ट्रॅक्टचे रेट कसे मिळवून द्यायचे

गेल्या दोन-तीन वर्षांत मला एकाच टाईपचे फोन चार-पाच वेळा आले, "अगं तू कॉलेजच्या पर्चेसिंगमध्ये आहेस ना, मग एक सांग..." आणि फोन करणारे सगळे आपलेच. एक जण आयटीत म्हणून कॉलेजला लागला आणि आता लॅपटॉपची खरेदी पण त्याच्याच गळ्यात पडलीये, एक अकाउंट्सला आहे, एक तर फॅसिलिटीजला, बर्फ काढण्यापासून बल्बपर्यंत सगळं तिच्याकडे. प्रश्न सगळ्यांचा तोच, की पलीकडच्या स्टेट युनिव्हर्सिटीला जी वस्तू त्या रेटला मिळते ती आम्हाला का नाही, आम्ही खासगी म्हणून काय पाप केलंय. तर मिळते. बऱ्याच राज्यांत मिळते, फक्त कुणी घेऊन येऊन दारात ठेवत नाही. मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात एका छोट्या खासगी कॉलेजात हे काम करते म्हणून उदाहरणं इथलीच देणार, तुमचं राज्य वेगळं असेल तर कायद्याचा भाग तुमचा तुम्ही बघा, बाकीचं बहुतेक सगळीकडे सारखंच आहे.

आधी हे आहे काय ते. राज्य सरकार किंवा एखादी सरकारी संस्था रीतसर टेंडर काढते, व्हेंडर निवडते, रेट आणि अटी ठरतात. आणि टेंडरमध्येच लिहून ठेवलेलं असतं की या कॉन्ट्रॅक्टवर आमच्याशिवाय अमुक अमुक लोकही खरेदी करू शकतील. म्हणजे टेंडरची उस्तवार एकाने केली आणि रेट शंभर जणांनी वापरला. याला इथे पिगीबॅक म्हणतात, कोऑपरेटिव्ह पर्चेसिंग हे त्याचं भारदस्त नाव. मी बाबांना फोनवर हे समजावत होते तर ते म्हणाले, म्हणजे आपला तालुक्याचा खरेदी-विक्री संघच की! थोडंसं तसंच, पण इथे भागभांडवल नाही, शेअर नाही, चेअरमनची निवडणूक तर नाहीच नाही. नुसतं नाव नोंदवायचं. (अपवाद ई अँड आय नावाची संस्था, १९३४ साली कॉलेजच्या खरेदीवाल्यांनीच काढलेली, ती खरोखर सभासदांच्या मालकीची आहे आणि उरलेला पैसा सभासदांना परत देते, बाबांना ही लगेच समजली.)

आता पहिलं काम, आणि हे सोडून लोक थेट वेबसाईटवर रजिस्टर करायला धावतात. तुमचं कॉलेज नॉन-प्रॉफिट आहे का? खासगी म्हणजे नफ्यासाठी असं नाही, इथली बहुतेक जुनी खासगी कॉलेजं नॉन-प्रॉफिटच आहेत, पण फॉर-प्रॉफिट चेनवाली कॉलेजं असतात त्यांना यातलं जवळपास काहीच लागू होत नाही. फायनान्सकडून आयआरएसचं, म्हणजे इथल्या आयकर खात्याचं, टॅक्स-एक्झेम्प्ट (करमाफीचं) पत्र मागून घ्या, स्कॅन करून स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा, पुढे दर महिन्याला कुणीतरी मागणार आहे. पेनसिल्व्हेनियात सेल्स टॅक्स माफीचा फॉर्म वेगळा, रेव्ह-१२२०, तो पण त्याच्याच शेजारी ठेवा.

दुसरं, कायदा तुम्हाला आत घेतो का. पेनसिल्व्हेनियाच्या प्रोक्युअरमेंट कोडमध्ये, म्हणजे सरकारी खरेदीच्या कायद्यात, १९०१ नंबरचं कलम आहे, त्यात 'लोकल पब्लिक प्रोक्युअरमेंट युनिट'ची व्याख्या दिलीये. नाव वाचून वाटतं ही नगरपालिका-पंचायतींची गोष्ट आहे, आणि इथेच लोक पान बंद करतात. पुढे वाचा ना! त्याच व्याख्येत टॅक्स-एक्झेम्प्ट नॉन-प्रॉफिट शैक्षणिक आणि आरोग्य संस्था आहेत, नॉन-प्रॉफिट फायर कंपन्या आहेत, अँब्युलन्सवाले आहेत. म्हणजे गावच्या बंबवाल्यांच्या रांगेत आपलं कॉलेज उभं आहे, पण आहे. टेक्सासमध्ये राज्याच्या आयटी खात्याच्या, म्हणजे डीआयआरच्या कॉन्ट्रॅक्टवर कोण खरेदी करू शकतं याची यादी कायद्यातच आहे आणि त्यात खासगी कॉलेज-युनिव्हर्सिटी नाव घेऊन लिहिल्यात. मॅसॅच्युसेट्सकडे एमएचईसी म्हणून कॉलेजांचा गट आहे, त्यात सरकारी-खासगी दोन्ही एकत्र बसतात. तुमच्या राज्यात शोधताना 'प्रायव्हेट कॉलेज' हा शब्द शोधू नका, बऱ्याचदा तो सापडतच नाही, 'नॉन-प्रॉफिट एज्युकेशनल', 'इंडिपेंडंट इन्स्टिट्यूशन' असले शब्द शोधा.

पेनसिल्व्हेनियाचा जो कार्यक्रम आहे त्याचं नाव कोस्टार्स, राज्याचं डिपार्टमेंट ऑफ जनरल सर्व्हिसेस तो चालवतं. सभासद व्हायला पैसे पडत नाहीत आणि खरेदी केलीच पाहिजे अशी सक्तीही नाही. फॉर्म भरा, सभासद नंबर मिळतो, झालं. त्यात दोन प्रकारची कॉन्ट्रॅक्ट असतात आणि हा फरक डोक्यात पक्का बसवा. एक म्हणजे राज्याने स्वतःच्या खात्यांसाठी केलेली स्टेटवाईड कॉन्ट्रॅक्ट, त्यातल्या ज्या व्हेंडरने कोस्टार्सच्या सभासदांना पण विकायला हो म्हटलंय तेवढीच आपल्याला उघडी. दुसरी खास कोस्टार्ससाठीचीच, त्यात एकेका प्रकारात ढीगभर व्हेंडर असतात आणि त्यांनी दिलेला रेट म्हणजे कमाल रेट, याच्या वर जाणार नाही एवढंच त्यांचं वचन.

माझं सगळं सांगणं या एका मुद्द्याभोवती आहे खरंतर. लोकांना वाटतं सरकारी रेट म्हणजे शेवटचा रेट, देवाने लिहिलेला, आता काय घासाघीस करायची. उलट आहे हो! तिथून घासाघीस सुरू होते. कोस्टार्सच्या यादीतल्या तीन जणांना मेल टाका, प्रत्येकाला सांगा की तुम्ही तिघेही यादीत आहात आणि मी तिघांनाही विचारलंय, मग बघा रेट कसा खाली येतो. मंडईत पहिल्या भावाला कुणी भाजी घेतं का? आपल्या आयांनी जे शिकवलं ते इथे सूट घालून करायचं एवढंच.

कोस्टार्स सोडून बाकी दारं पण आहेत. सोर्सवेल ही मिनेसोटातली सरकारी संस्था, आधी तिचं नाव एनजेपीए होतं, २०१८ मध्ये बदललं, तिथे खासगी कॉलेजला फुकट नोंदणी मिळते, ट्रॅक्टर, गवत कापायची मशीन, फर्निचर असल्या गोष्टींना मला ती बरी वाटते. ओम्निया पार्टनर्सकडे एखादी सरकारी संस्था पुढे होऊन टेंडर काढते आणि बाकीचे त्यावर येतात. पेप्पम म्हणून टेक्नॉलॉजीचं आहे, ते आपल्याच राज्यातल्या मिल्टन गावातून चालतं. ई अँड आयचं वर आलंच, त्यांची कॉन्ट्रॅक्ट कॉलेज डोळ्यासमोर ठेवूनच केलेली असतात त्यामुळे लॅबच्या सामानाला मी आधी तिकडे बघते. नॅस्पो व्हॅल्यूपॉइंट हे राज्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांच्या संघटनेचं, एक राज्य पुढाकार घेतं (कॉम्प्युटरला मिनेसोटा) आणि बाकीची राज्यं 'पार्टिसिपेटिंग अॅडेंडम' नावाच्या जोडपत्रावर सही करून त्यात येतात. इथे जपून, कारण मूळ कॉन्ट्रॅक्टमध्ये काय लिहिलंय त्याला फारसा अर्थ नाही, तुमच्या राज्याच्या अॅडेंडममध्ये नॉन-प्रॉफिट कॉलेजला मुभा आहे का ते बघायचं, नसेल तर राज्याच्या खरेदी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि सेल्समन तर काय, तो सगळ्यांनाच हो म्हणतो. त्याला म्हणा, कागद दाखव.

सगळीकडे रजिस्टर करून टाका, एका दुपारचं काम आहे. फुकट कसं परवडतं त्यांना असं विचाराल तर व्हेंडर त्यांना फी देतो, बऱ्याच ठिकाणी विक्रीवर काही टक्के, नॅस्पोला पाव टक्का, फेडरल सरकारच्या जीएसए या खरेदी खात्याला पाऊण टक्का. म्हणजे शेवटी ती आपल्याच बिलातून जाते हे विसरू नका, म्हणून तर तुलना करायची.

आता घरातलं भांडण. रजिस्टर व्हायला दहा मिनिटं लागतात आणि आपल्याच लोकांना पटवायला दीड वर्ष. आमच्या कॉलेजची खरेदीची पॉलिसी होती की अमुक रकमेच्या वर तीन कोट (तीन व्हेंडरांकडून लेखी भाव) आणि त्याच्याही वर आरएफपी (रीतसर प्रस्ताव मागवायचे). खासगी कॉलेजला सरकारसारखं जाहीर टेंडर काढायची कायद्याची सक्ती नसते, हे नियम आपलेच, बोर्डाने केलेले, त्यामुळे बदलताही येतात. आम्ही एक वाक्य घातलं, की ज्या कॉन्ट्रॅक्टचं टेंडर सरकारी किंवा कोऑपरेटिव्ह संस्थेने खुल्या स्पर्धेने काढलंय आणि त्याची कागदपत्रं फाईलला आहेत ते तीन कोटच्या जागी चालेल. शेवटचा तुकडा, फाईलला आहेत हा, तो ऑडिटरसाठी. तो नसला तर कुणीही उठून म्हणेल सरकारी रेट होता म्हणून घेतलं.

मग येतात फॅसिलिटीजचे साहेब, त्यांचा पंधरा वर्षांचा ठरलेला डीलर, पोरांच्या क्रिकेट... सॉरी, बेसबॉल टीमचा स्पॉन्सर वगैरे. त्यांच्याशी भांडू नका. त्या डीलरलाच विचारा तू यादीत आहेस का. कित्येकदा असतो आणि आपल्याला पंधरा वर्षं सांगितलेलं नसतं! नसेल तर म्हणा ये, कोस्टार्समध्ये छोट्या धंदेवाल्यांना पण जागा आहे. माणूस तोच राहतो, रेट बदलतो, साहेब खूश.

आता माझी फजिती सांगते म्हणजे पुढचं नीट लक्षात राहील. पहिल्याच वर्षी आम्ही कॉपियर लीजवर घेतले, कंपनीचं नाव राहू दे. मीटिंगमध्ये सगळं कोऑपरेटिव्ह कॉन्ट्रॅक्टच्या रेटने बोललो, मी हवेत. कोट आला त्यावर कॉन्ट्रॅक्ट नंबर नव्हता, मी म्हटलं असेल राहिलेला. पीओवर, म्हणजे आपल्या पर्चेस ऑर्डरवर, पण नाही टाकला. सही करायला जो कागद आला तो त्यांचा नेहमीचा लीजचा फॉर्म होता, बारीक अक्षरात, आणि त्यात होतं की मुदत संपायच्या नव्वद दिवस आधी लेखी कळवलं नाही तर लीज आपोआप वाढेल. मूळ सरकारी कॉन्ट्रॅक्टमध्ये असं काही नव्हतं. सहा महिन्यांनी बिलं तपासली तर प्रत्येक कॉपीचा रेट कॉन्ट्रॅक्टपेक्षा जास्त. फोन केला तर म्हणे तुमची ऑर्डर त्या कॉन्ट्रॅक्टवर नाहीच आहे. आणि खरंच नव्हती, कागदावर कुठेच नव्हती. राज्य सरकारकडे जाऊन रडून उपयोग नाही, कारण पीओ आपल्यात आणि व्हेंडरमध्ये असतो, सरकार त्यात पार्टी नसतं.

तेव्हापासून नंबर नसलेला कोट मी उघडतच नाही. कोटवर कॉन्ट्रॅक्ट नंबर, पीओवर तोच नंबर, आणि पीओवर एक ओळ की या खरेदीला त्या कॉन्ट्रॅक्टच्या अटी लागू आणि व्हेंडरच्या फॉर्मशी विरोध आला तर कॉन्ट्रॅक्ट वरचढ. ती ओळ आमच्या वकिलाने लिहून दिली, तुम्ही तुमच्याकडून घ्या. मग पहिली तीन बिलं स्वतः रेटलिस्टशी लावून बघायची, कंटाळा आला तरी, कारण पहिल्या तीनमध्ये बरोबर असलं की सहसा पुढे बरोबर येतं. रेटलिस्टची पीडीएफ ऑर्डरच्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा, ती बदलत राहते. आणि कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं ती तारीख कॅलेंडरला, लीज कधी संपतं ती पण, दोन्ही वेगळ्या असतात.

ग्रँटच्या पैशाने घेत असाल तर अजून एक मजला चढावा लागतो. एनएसएफ, एनआयएच या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थांच्या फेडरल ग्रँटवर युनिफॉर्म गायडन्स (२ सीएफआर २००) लागतो, म्हणजे ग्रँटचे पैसे कसे खर्चायचे याचे नियम, आणि तिथे खासगी कॉलेज असलं तरी सुटका नाही. चांगली गोष्ट अशी की त्याच नियमांत एकत्रित खरेदीला प्रोत्साहन दिलंय, वाईट अशी की मूळ टेंडरमध्ये खरी स्पर्धा झाली होती का हे दाखवायची जबाबदारी तुमची. मी कोऑपरेटिव्हकडून टेंडरची जाहिरात, किती बिड आले, निवड कशी केली हे कागद मागून घेते, चांगल्या संस्था साईटवरच ठेवतात. जी देत नाही तिच्याकडून ग्रँटची खरेदी करायची नाही. सॅम डॉट गव्ह या सरकारी साईटवर व्हेंडर ब्लॅकलिस्टेड नाही ना ते बघून स्क्रीनशॉट ठेवा. कॅमेरे किंवा नेटवर्कचं सामान असेल तर हुवावे, झेडटीई वगैरेंचं चालत नाही, आणि ते दुसऱ्याच नावाच्या डब्यात पण असतं. रकमेच्या मर्यादा १ ऑक्टोबर २०२५ पासून बदलल्यात, मायक्रो-पर्चेस (कोट न मागता करता येते ती छोटी खरेदी) १० हजार डॉलरवरून १५ हजार आणि त्याच्या वरची, जिच्यापुढे रीतसर टेंडर लागतं ती मर्यादा अडीच लाखांवरून साडेतीन लाख, तुमच्या ग्रँटला जुनी लागते की नवी ते ग्रँट ऑफिसला विचारा, आणि कॉलेजची स्वतःची मर्यादा कमी असेल तर तीच धरायची.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे या स्वस्त मालाचं पुढे काय करायचं नाही. अमेरिकेत एकाच मालाला दोन गिऱ्हाइकांना वेगळा भाव लावण्यावर रॉबिन्सन-पॅटमन कायद्याची बंधनं आहेत, आणि कॉलेज, हॉस्पिटल, चर्च यांना त्यातून सूट देणारा कायदा १९३८ चा. पण सूट फक्त संस्थेच्या स्वतःच्या वापरासाठी. १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टात हॉस्पिटलच्या फार्मसीवरून हाच वाद गेला होता, की नॉन-प्रॉफिट म्हणून स्वस्तात घेतलेली औषधं कुणाकुणाला विकली तर तो स्वतःचा वापर, आणि पेशंट किंवा कर्मचारी नसलेल्या, सहज फार्मसीत आलेल्या गिऱ्हाइकाला विकणं त्यात बसत नाही असं कोर्टाने सांगितलं, कर्मचाऱ्यांना स्वतःच्या आणि घरच्यांच्या वापरासाठी विकलेलं मात्र बसवलं. पण तो निकाल हॉस्पिटलच्या औषधांचा, त्यावर विसंबू नका, प्रोफेसर येऊन म्हणाले माझ्या मुलीला पण एक लॅपटॉप याच रेटला मागव ना, तर गोड हसून नाही म्हणायचं. बुकस्टोअरला विकायला माल घ्यायचा असेल तर आधी वकील, मग ऑर्डर.

तुमच्या राज्याच्या कायद्यात खासगी कॉलेज नसेलच तर? मग थोडी राजकारणाची वाट आहे आणि ती एकट्या कॉलेजने चालायची नाही. प्रत्येक राज्यात बहुधा खासगी कॉलेजांची संघटना असते, इथे हॅरिसबर्गला एआयसीयूपी आहे, तिच्यामार्फत आमदारांकडे जायचं. मागणी करताना नवीन काही शोधून काढू नका, पेनसिल्व्हेनियाची व्याख्या किंवा टेक्सासची यादी समोर ठेवा, दुसऱ्या राज्यात चालतंय म्हटलं की निम्मं काम होतं. पहिला आक्षेप येणार की जनतेच्या पैशातून केलेलं टेंडर खासगीला का, त्याला उत्तर की सरकारचा एक डॉलर जास्त जात नाही, उलट गिऱ्हाईक वाढलं की पुढच्या टेंडरला सरकारलाच भाव चांगला मिळायची शक्यता. दुसरा आक्षेप व्हेंडरचा आणि तो मला रास्त वाटतो, की मी रेट दिला तो तुम्ही सांगितलेल्या गिऱ्हाइकांच्या हिशोबाने, आता मध्येच अजून पन्नास जण का घुसवता. म्हणून मागतानाच लिहा की हे पुढच्या टेंडरपासून लागू, आणि व्हेंडरने हो म्हटलं तरच. पैसे बुडवले तर जबाबदार कॉलेज, राज्य नाही, हे पण स्वतःहून घाला, विचारायच्या आधी. आणि कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसू नका, ई अँड आय, सोर्सवेलवाल्यांचं दार तोपर्यंत उघडंच असतं, तुमच्या बोर्डाची पॉलिसी पुरते. एकत्र यायला शेजारची कॉलेजं पण असतातच, आमच्या राज्यात लीहाय व्हॅलीतली सहा खासगी कॉलेजं १९६९ पासून एका संघटनेत आहेत.

सुरुवात कशाने करायची हे सगळे विचारतात. सगळ्यात मोठ्या खर्चाने नको. बांधकाम, डायनिंग हॉलचं कॉन्ट्रॅक्ट, यात माणसं गुंतलेली असतात, लगेच युद्ध होतं. मी म्हणेन ऑफिसचा कागद, टोनर, लाईट बल्ब, गेल्या वर्षीची बिलं काढा, वीस वस्तूंच्या किमती कॉन्ट्रॅक्टच्या रेटलिस्टशेजारी एका एक्सेलमध्ये लावा, आणि ती शीट सीएफओला द्या, सोबत भाषण नको. काही वस्तूंत आपला जुना रेटच चांगला निघेल, ते पण तसंच दाखवा, लपवू नका, त्याने तुमच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

आणि मीठ. जेवणातलं नाही, रस्त्यावर टाकायचं, बर्फासाठी. कोस्टार्समधलं माझं सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात धोक्याचं कॉन्ट्रॅक्ट. राज्य दरवर्षी सगळ्यांची मिळून मिठाची मागणी गोळा करतं, त्यासाठी तुम्हाला मार्चच्या मध्याच्या आसपासच पुढच्या हिवाळ्याला किती टन लागेल ते सही करून द्यावं लागतं. इथे मात्र बाकीच्यासारखं घ्या नाहीतर सोडा असं नाही. सांगितलं त्याच्या किमान ६० टक्के उचलायलाच लागतं आणि १४० टक्क्यांपर्यंत त्या रेटला मागता येतं. म्हणजे शंभर टन लिहिले आणि बर्फ पडलाच नाही तरी साठ टन घ्यायचे. मग ते ठेवणार कुठे, शेड किती टनांची, वर ताडपत्री आहे का, हे सही करायच्या आधी ग्राउंड्सच्या माणसाला विचारा, ऑफिसात बसून आकडा टाकू नका. आम्ही आता गेल्या पाच हिवाळ्यांची सरासरी काढतो आणि त्याच्यापेक्षा थोडं कमीच लिहितो, वर १४० टक्क्यांपर्यंत जायला जागा असते, ६० टक्क्यांच्या खाली यायला नसते.